आशाबाईच्या पायातलं कापड

कहकशाला या व्यवहारात काय मिळणार होतं, ते आधी सांगून टाकू. उन्हात, चिखलात बावीस वर्षं रोज वापरलेला फायबरचा तुकडा, आणि तो वापर कधी सुरू झाला, कधी थांबला याची पक्की तारीख. नांदेडला रसायनशास्त्रात पीएचडी करणाऱ्या पोरीला असा तुकडा म्हणजे घबाडच. फायबर काही वितळत नाही. टाकी फुटो की दरवाजा, शेवटी जाळतात नाहीतर पुरतात. कहकशाचं औषध त्यातली राळ विरघळवून आतले काचेचे तंतू मोकळे करायचं, तेही महागड्या यंत्राशिवाय, नुसत्या वाफेच्या उष्णतेवर. प्रयोगशाळेतल्या कोऱ्या तुकड्यांवर ते जमलं होतं. जुन्या मालावर जमतं का, तेवढं दाखवायचं राहिलं होतं.

आणि उकंडरावला काय मिळणार होतं? वीतभर फडकं. तेही निघालं तर.

उकंडराव कुरुंद्याचा, हळदीचा शेतकरी, सत्तरीचा. तेवीस वर्षांपूर्वी हळदीच्या वावरात साप चावून त्याच्या बायकोचा, आशाबाईचा, पाय गुडघ्याखालून काढावा लागला. पुढं एका शिबिरात तिला फायबरचा पाय मिळाला. मागच्या दिवाळीत आशाबाई गेली, पाय तेवढा खाटेपाशी उभा राहिला. एकदा तो पुसताना वरच्या झिजलेल्या कडेला, कातडीच्या रंगाच्या राळेखाली, उकंडरावला कापडाचा हिरवा काठ दिसला. त्याचं लग्नातलं उपरणं हिरव्या काठाचं होतं. ते बावीस वर्षांपूर्वीच नाहीसं झालं होतं, आणि त्याचा आळ त्यानं सख्ख्या भावावर घेतला होता.

कहकशाचा बाप अजीज वेल्डर. उकंडरावच्या आखाड्यावरचा, म्हणजे शेतातल्या घरचा, वाफेवर हळद शिजवायचा कुकर त्यानंच बांधलेला. तो डागडुजीला आला, त्यानं पाय पाहिला आणि लेकीला बोलावून घेतलं.

“पाय बनवताना थरात कापड घालतात, मामा,” कहकशानं सांगितलं. “काही बाया हौसेनं घरचं देतात. पण ते काहून काढता? असू द्या की आत.”

“पंचेचाळीस वर्षांत ती एकदा गोड बोलली न्हाई, लेकरा. ‘जेवा’ म्हणायची ते बी भांडल्यावानी. अन् माझं उपरणं पायात घेऊन हिंडून राहिली होती का काय, तेवढं कळू दे.”

“टेरिकॉट असलं तर राळेसंगं तेही विरघळंल.”

“इरघळलं तर माझं न्हवतं म्हणायचं. माझं सुती होतं. कोपऱ्याला लग्नातल्या हळदीचा डाग हाय, गाठ बांधताना पडलेला. धुऊन धुऊन गेला न्हाई.”

मग त्यानं सौदा केला. कापड निघेपर्यंत पाय आखाड्यावरून हलणार नाही. कापड असलेला वरचा भाग कहकशाचा, खालची नळी त्याची. खाटेपाशी काहीतरी उभं पाहिजे.

ठरल्या दिवशी सकाळी अजीजनं करवतीनं पाय आडवा कापला. कहकशाचं भांडं वरच्या भागाला अरुंद पडलं. तुकडा उभा चिरू का, असं तिनं विचारताच उकंडराव म्हणाला, “एकदा दवाखान्यात कापला, एकदा आता. तिसऱ्यांदा न्हाई.” आणि घरातून झाकणाचा मोठा स्टीलचा डबा घेऊन आला. हळदपूड ठेवायचा डबा, घासून लख्ख. निदान तिघांनाही तो लख्खच दिसला. कुरुंद्यात हंगामात भिंती, बोटं, बैलांची शिंगं सगळंच पिवळं असतं, तिथं डब्याच्या सांध्यातलं पिवळं कोणाला दिसणार?

क्षाराचं औषध ओतलं, झाकण दाबलं, डबा कुकरच्या वाफेत ठेवला. उन्हं कलल्यावर उघडला, तर आत सगळं तांबडं विटकरी. हळदीवर क्षार पडला की कुंकू होतं, हे कुरुंद्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि ही तर रसायनशास्त्राची विद्वान. तंतू सुटले होते, एकेक मोकळा. पण हळदीत रंगलेला नमुना प्रयोगशाळेत कोण ग्राह्य धरणार? कहकशा कपाळाला हात लावून बसली. अजीज करवत पुसत राहिला.

कापड मात्र विरघळलं नव्हतं. उकंडरावनं ते धुऊन गुडघ्यावर पसरलं. काठ तांबडा, अंग तांबडं, डाग शोधायचा कुठं?

“पाटील, हेच असंल,” अजीज म्हणाला.

“असंल म्हणून चालत न्हाई, अजीजभाई.” त्याचा अंगठा कापडावरून सावकाश फिरत होता. मधेच थांबला. तिथं रुपयाएवढं रफू होतं.

“मांडवात बिडीची ठिणगी पडली होती,” तो म्हणाला. “सासरी आल्यावर पयलं काम तिनं हे केलं, अन् पयला शब्द बोलली, ‘डोळे फुटले होते का?’ टाके बघ, उलटे हायत. डावखुरी होती ना.”

उकंडरावनं कापडाची बारीक घडी घालून खिशात ठेवली, आणि भावाला फोन लावून द्यायला अजीजला सांगितलं. फोनवर तो एवढंच म्हणाला, “उपरणं सापडलं. तुझ्याकडं न्हवतं.”

मग कहकशाकडं वळला. “हे तांबडं चालंल का तुझ्या सरांला?”

“चालंल की, मामा.”

मनातलं तोंडावर न आणणाऱ्या बाईबरोबर पंचेचाळीस वर्षं काढलेला माणूस, त्याला हे काय फसवणार? तो घरात गेला आणि खालची नळी आणून तिच्या पिशवीत ठेवली.

“हे नांदेडला ने. तुझ्या भांड्यात शिजव, माझा डबा नको.”

“ती तुमची ठरली होती ना?”

“ठरली तवा माझ्याकडं दुसरं काय होतं?”

आता या व्यवहारात कोणी काय भरलं ते पाहू. कहकशाचा एक दिवस आणि अर्धा नमुना. अजीजचं करवतीचं बोथटलेलं पातं. उकंडरावची खाटेजवळची सोबत, आणि भावापुढं खाली घातलेली मान. बाकी सगळं आशाबाईनं भरलं. एकच पाय, दोनदा.