पलीकडे कोण बसलंय?

मुलाखत चांगली रंगात आली होती आणि तेवढ्यात मेघनाच्या फोनवरचा बाण आपोआप सरकायला लागला.

तिचं बोट काचेवर नव्हतंच. व्हिडिओ कॉलवर कंपनीचे रिचर्ड सर आणि एलिना मॅडम होते, आणि ती त्यांना आपला प्रोग्राम दाखवत होती. गिऱ्हाइकं भाजीवालीला मागणी बोलून पाठवतात, 'दोन जुड्या अळू, डझनभर राजेळी केळी, पडवळ कोवळं असेल तरच'. तिचा प्रोग्राम ते बोलणं ऐकून भाजीवालीची यादी लावून देतो. एलिना मॅडम मान डोलवत होत्या. अशा ऐन वेळी बाण निघाला, त्याने यादी बंद केली, एक कोरं पान उघडलं आणि त्यावर रोमन अक्षरांत मराठी उमटली: मेघू जरा थांब, आईच्या विम्याची प्रिंट काढतो, जेवलीस का?

मेघना बसली होती विरारला, चंदनसारच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. तिचा कॉम्प्युटर होता वसईला, सांडोरच्या माहेरी. फोनवर दिसायचं ते त्या कॉम्प्युटरच्या पडद्याचं नुसतं चित्र. इथे बोट फिरवलं की तिथे बाण फिरायचा, आणि तिथे कोणी माउस धरला की इथे तिला हात चोळत बसावं लागायचं.

"मॅडम, पलीकडे कोण बसलंय?" रिचर्ड सरांनी विचारलं.

"माझा भाऊ. म्हणजे तो सहज—"

"म्हणजे काम भाऊ करतो आणि बोलता तुम्ही?"

हल्ली असली सोंगं फार झाली होती म्हणे. मुलाखतीला एक बसायचा, पडद्यामागून काम दुसराच करायचा. त्या कंपनीने असे बरेच पकडले होते, त्यामुळे रिचर्ड सरांचाही दोष म्हणता येत नव्हता. पण जिने रात्री जागून एकेक ओळ लिहिली, तिला 'पोपट' म्हटल्यासारखं झालं. मेघनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.  तेवढ्यात एलिना मॅडम म्हणाल्या, "सर, एक संधी देऊ या. मेघना, गुरुवारी ऑफिसात ये. जे काय तुझं आहे ते सोबत आण आणि आमच्यासमोर चालव. पलीकडे कोणी नको."

कॉल संपला. मेघनाने पहिला फोन लावला तो उमंगदादाला.

"अगं, प्रिंटच तर काढली," उमंग म्हणाला. "दोन मिनिटांचं काम. आणि जेवलीस का विचारलं, त्याचाही राग?"

"माझी मुलाखत चालू होती दादा! काल सांगितलं होतं तुला."

"मग बंद पाडली का मी? फक्त थांब म्हटलं. बहिणीला थांब म्हणायचीही चोरी झाली आता."

चोर तो चोर, वर शिरजोर. आणि ही शिरजोरी काही आजची नव्हती.

तो कॉम्प्युटर मेघनाचा होता. सांडोरच्या अर्ध्या पोरांच्या शिकवण्या घेऊन, एकेक भाग जोडत तिने तो उभा केला होता, आणि गावात तसं दुसरं मशीन नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा तिने तो न्यायचा म्हटला, तर आई, मंदा, कपाळाला हात लावून बसली. "अगो, पहिल्याच दिवशी एवढं धूड घेऊन जातात का सासरी? लोक म्हणतील, हुंड्यात कॉम्प्युटर दिला!" हुंडा न घेणाऱ्या घरात हुंड्याचा आळ नको, म्हणून धूड राहिलं माहेरी. उमंगने मोठ्या मनाने त्यात दुरून उघडायची सोय करून दिली. "तुला काय, फोनवरून उघड. माहेर खिशात घेऊन फिर."

खिशातलं माहेर! त्यानंतर त्या मशीनवर वाडीतले कॅमेरे आले, रीमावहिनीच्या ब्लाउजांची डिझाइनं आली, भाचीचे, खुशीचे, खेळ आले. लाइटबिलाचं कुरकुरणं आलं. रात्री उमंग बटण बंद करून झोपायचा, आणि सकाळी मेघनाला आपल्याच कामावर बसण्यासाठी वहिनीची मनधरणी करावी लागायची, वहिनी कामात असली तर खुशीची. "बाळा, कॉम्प्युटरचं बटण दाबतेस का ग?" इंजिनीअर झालेली बाई, आणि स्वतःच्या प्रोग्रामच्या दारात ताटकळत उभी. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, वर तो नागोबा विचारणार, जेवलीस का!

"मला तो कॉम्प्युटर हवाय. गुरुवारच्या आत," मेघना म्हणाली.

"आणि कॅमेरे कशावर बघू? केळीचे घड चोरीला गेले तर तू येणार आहेस राखणीला?" उमंग हसला. "मेघू, टेन्शन नको घेऊ. मशीन इथे असलं काय नि तिथे असलं काय, दिसतं तर तेच ना?"

संध्याकाळी नवरा घरी आला. दीपेश तसा भला माणूस, स्वतःचा डबा स्वतः भरणारा. त्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "पण यार मेघना, दिसतं तर तेच ना? त्या दिवशी भावाला फक्त सांगायचं, बाबा हात लावू नको."

"सांगायचं," मेघना म्हणाली. "म्हणजे रोज विचारायचं. रोज कोणीतरी हो म्हणायचं. आणि ज्या दिवशी नाही म्हणेल त्या दिवशी माझं काम नाही, मी नाही. तुझ्या ऑफिसच्या खुर्चीवर बसायला तुला मेव्हण्याला विचारावं लागलं असतं, म्हणजे कळलं असतं तुला."

 ज्याचं जळतं त्यालाच कळतं. लॅपटॉपची गोष्ट काढण्यात अर्थ नव्हता, घराचा हप्ता दोघांनाही पाठ होता.

मग ती उठली आणि टीव्हीखालचा खण उपसू लागली. दीपेशचा जुना फोन त्यात नव्हता, तो सासूबाईंकडे होता. जिजाबाई त्यावर कीर्तनं ऐकायच्या आणि कळंबच्या बहिणीशी, शकूशी, तासन्‌तास बोलायच्या. लाखात एखाद्या फोनवर लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी मोकळी व्यवस्था, नीट चढतं, आणि हा त्यातलाच होता. मेघनाने स्वतःच्या फोनवर लिनक्स एका ॲपच्या पोटात चालवून पाहिलं होतं. पण काम मोठं झालं की फोनच ते ॲप बंद पाडायचा, बॅटरी वाचवतो म्हणून. म्हणजे तिथेही घरमालक होताच. आता तिला पोटभाडेकरू व्हायचं नव्हतं. फोनमधली मूळ सगळी व्यवस्था पुसायची आणि तिथे थेट लिनक्स बसवायचं, वर कोणी नाही.

"सासूबाई, तुमचा फोन हवाय. पण एकदा घेतला की पहिल्यासारखा नाही राहणार."

"बिघडवनार हायस?" जिजाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"हो. म्हणजे माझ्या कामाचा करणार."

"आनि शकूला फोन?"

"माझ्या फोनवरून लावा. कधीही."

जिजाबाईंनी फोन पुढे सरकवला. "घे. पन आधी तिला सांगून टाक, म्हातारी मेली नाय म्हनून."

दीपेशने आपले जुने फोटो काढून घेतले, मेघनाने फोनचं कुलूप तोडलं आणि सगळं पुसलं. दोनदा फोन नुसता काळा पडला. तिसऱ्यांदा त्यावर पांढरी अक्षरं सरसरा वर जाऊ लागली आणि मेघनाने टेबलावर अशी थाप मारली की दीपेश आतून धावत आला. काय काय गेलं ते लगेच कळलं. कॅमेरा आंधळा झाला. फोन लागायचा, पण पलीकडच्याला आवाज जायचा नाही; माइक ऐकायचा तो फक्त प्रोग्रामपुरता. तापायचा तर असा की खाली ताटली ठेवावी लागली. सांडोरच्या धुडाला जे डोळ्याचं पातं लवेपर्यंत जमायचं, त्याला याला चहा होईस्तोवर वेळ लागायचा.

"फोनवर बोलता येत नाय, फोटो निघत नाय, मग हा फोन कसला?" जिजाबाईंनी विचारलं.

"फोन नाहीच तो आता."

"तुझा एकटीचा हाय ना पन?"

"हो."

"मग ठेव."

आता प्रोग्राम आणायचा होता सांडोरहून. मेघनाने रात्री तिथून फाइली खेचायला लावल्या आणि उमंगला निरोप पाठवला: दादा, आज मशीन बंद करू नकोस. सकाळी पाहते तर निम्म्यावर सगळं थांबलेलं.

"कोणी बसलं नव्हतं ना," उमंग म्हणाला, "मग कशाला चालू ठेवायचं? मला वाटलं तू विसरलीस."

तिने फोन ठेवला. बोलली असती तर जे तोंडातून निघालं असतं ते परत घेता आलं नसतं. रिक्षा बदलत ती सांडोरला पोचली, पायातली चप्पल कशीबशी काढली आणि मशीनपुढे बसून सगळं स्वतःच्या हाताने मेमरी कार्डावर उतरवून घेतलं. रीमावहिनीने चहा आणला. उमंग दाराच्या चौकटीला टेकून म्हणाला, "एवढी धावाधाव कशाला? फोनवरून झालं असतं की." मेघनाने चहा तसाच ठेवला. माहेरचा चहा न पिता निघण्याची ती तिची पहिलीच वेळ होती, आणि मंदाला ते लागलं.

गुरुवारी कंपनीच्या वसईच्या ऑफिसात तिने टेबलावर फोन ठेवला, खाली स्टीलची ताटली, बाजूला घडीचा कीबोर्ड. रिचर्ड सरांना हसू आवरेना.

"कॉम्प्युटर कुठाय?"

"हाच. सिम काढलंय. तुमचं वायफायही मला नको. तुमचा लॅपटॉप याला जोडा, यादी तिथे दिसेल."

रिचर्ड सरांनी लॅपटॉप जोडला, इंटरनेट बंद असल्याची दोनदा खात्री केली, टेबलाखालीही वाकून पाहिलं. पाहू दे, मेघना मनात म्हणाली, पलंगाखालचा चोर शोधतोयस तर शोध. एलिना मॅडम फोनजवळ तोंड नेऊन आपल्या घरच्या बोलीत भरभर काहीतरी बोलल्या. फोन विचार करत बसला. बसला तो बसलाच. चहा आला, रिचर्ड सरांनी घड्याळ पाहिलं. मग लॅपटॉपवर यादी उमटली.

"मी वाल म्हटलं होतं," एलिना मॅडम म्हणाल्या. "यात वांगी आलीत."

"चुकलंय," मेघना म्हणाली. "तुमच्याकडचं बोलणं मी त्याला अजून शिकवलेलं नाही. थांबा." तिने कीबोर्ड ओढला. कुठे चुकलं ते शोधलं, रिचर्ड सरांना दाखवलं, बदललं, मॅडमना परत बोलायला लावलं. पुन्हा तेवढाच वेळ गेला. वाल आले. रिचर्ड सर मध्ये मध्ये खोचक प्रश्न विचारत होते आणि ती न थांबता उत्तरं देत होती, अगदी रागात, ताडताड, एकाही उत्तरात 'सर' नव्हतं.

शेवटी ते मागे टेकून बसले. "पलीकडे कोणी नव्हतं तर."

"नव्हतंच कधी," मेघना म्हणाली.

नोकरी मिळाली. दसऱ्याला ती दीपेशबरोबर सांडोरला गेली, सोनं द्यायला. ओटीवर पाहुण्यांची गर्दी, उमंग पेढे वाटत होता. आत टेबलावर विळा, कोयता, फवारणीचा पंप पूजेला मांडलेले आणि मधोमध तिचा कॉम्प्युटर, हळदकुंकू लावलेला, गळ्यात झेंडूची भलीमोठी माळ.

"या, या!" उमंगने पेढ्याचा बॉक्स पुढे केला. मग पाहुण्यांकडे वळून म्हणाला, "बघा मामा, लोक म्हणत होते कशाला सांभाळतोस बहिणीचं मशीन. पाच वर्षं लाइटबिल भरलं, धूळ पुसली. शेवटी याच मशीनने तिला नोकरी लावली. माझ्याच हातून पुण्य घडायचं होतं!"

सगळे हसले. मामांनी उमंगची पाठ थोपटली. मेघनाने पेढा घेतला नाही. तिला ती पांढरी अक्षरं आठवली नाहीत की ताटली आठवली नाही, फक्त डोक्यात रक्त चढलं. ती सरळ आत गेली, वाकली आणि मागच्या वायरी एकेक करून उपटायला लागली. पडद्यावरची केळीची बाग विझली.

"अगं ए! कॅमेरे!" उमंग धावला.

"तुझे कॅमेरे तुझ्याकडे ठेव. पडदाही ठेव, तो तू आणलायस. कॉम्प्युटरचा डबा माझा आहे."

"वेड लागलंय का तुला? नोकरी मिळाली, आता याची गरज काय? तुझं काम चालतं ना त्या फोनवर?"

"चालतं. म्हणून तर नेतेय. गरज होती तोपर्यंत मागत होते."

तिने माळ काढली, ती कोयत्यावर ठेवली आणि डबा छातीशी धरून उचलला. जड होता. दीपेश पुढे झाला, तिने मानेनेच नको म्हटलं. दाराशी मंदा उभी होती, हातात आपट्याची पानं, डोळ्यांत पाणी.

"मेघू, दसऱ्याच्या दिवशी घरातली वस्तू कोणी बाहेर काढतं का गो? लोक काय म्हणतील?"

"मला काढलंत तेव्हा तर बँड लावला होता, आई," मेघना म्हणाली. "याला नुसती रिक्षा पुरे."

  मंदाने पानं कमरेला खोचली आणि दाराच्या दुसऱ्या फळीची कडी काढली. एकच फळी उघडून ते धूड निघालं नसतं.