माच मोडायचा खर्च

"मिस्त्री, नवं लाकूड आमच्या पैशाचं, मजुरी आमच्या पैशाची. मग जुनं लाकूड तुमी फुकट काहून नेणार?"

प्रियदर्शनीनं हे विचारलं तेव्हा सुग्रीव मिस्त्रीनं चहा नुकता बशीत ओतला होता. तो बशीतच राहिला. प्रश्न तसा तिचा एकटीचा नव्हता. मधल्या सुट्टीत रोहिणी आणि आरोही या दोघींनी तिला डिवचलं होतं. स्नेहसंमेलनात माईक हातात आल्यावर तू सरपंचांनासुद्धा आवरतं घ्यायला लावलंस, पण घरच्या मिस्त्रीला एवढं विचारायची हिंमत हाय का? आता असं म्हटल्यावर कोण गप्प बसेल? संमेलन झाल्यापासून प्रियदर्शनीला तसंही गप्प बसणं जड जात होतं.

मिस्त्री उत्तर देईल, निदान हसून टोलवेल, असं तिला वाटलं होतं. त्यानं दोन्ही केलं नाही. त्यानं तिच्या पप्पांकडं बघितलं. आणि पप्पा, म्हणजे खत-बियाणांच्या दुकानाचे मालक राधाकिशन, जे मेथीच्या जुडीमागंसुद्धा दोन रुपये कमी करून घेतल्याशिवाय बाजारातून हलत नाहीत, ते म्हणाले, "तू आत जा. अभ्यास कर."

तिथंच पाल चुकचुकली.

माच म्हणजे त्यांच्या घरामागं, परसात, कडुनिंबाखाली असलेला सागवानी फळ्यांचा भला मोठा ओटा. खाली दगडी पाया, त्यावर जाड तुळया, तुळयांवर फळ्या. उन्हाळ्यात अख्ख्या गल्लीच्या कुरडया त्याच्यावर वाळायच्या. प्रियदर्शनी पहिली ते दहावी त्याच्यावरच पालथी पडून शिकली. फळ्या काळ्या पडल्या होत्या, नळाच्या बाजूचा कोपरा थोडा दबत होता, पण त्यावरून कधी कुणी पडलं नव्हतं. तरी गेल्या आठवड्यात मिस्त्री आला काय, अंगठ्यानं दोन फळ्या दाबल्या काय आणि सगळाच माच वाळवीनं खाल्लाय, पायापासून नवा करा, म्हणाला काय. खर्च एक लाख साठ हजार. पप्पांनी घासाघीस केली नाही. एकशे साठसुद्धा कमी करा म्हणाले नाहीत.

प्रियदर्शनीला हे पैसे कुठले ते मम्मीच्या तोंडून कळलं होतं. मम्मी, म्हणजे बबिताबाई, भाकरी थापता थापता सहज बोलून गेली, की लातूरचं आता पुढच्या वर्षी बघू, यंदा केजच्याच कॉलेजला नाव घाल. लातूरला अकरावी, तिथलं होस्टेल, क्लास, सगळ्याचे पैसे पप्पांनी दोन वर्षं बाजूला टाकले होते. ते आता फळ्यांना लागणार होते. प्रियदर्शनीनं भांडण केलं नाही. तिनं मनात एवढंच ठरवलं, की ज्या माचानं लातूर खाल्लं, त्याला वाळवीनं खरंच खाल्लंय का ते आधी बघायचं.

दुसऱ्या दिवशी पप्पा दुकानात गेल्यावर तिनं पोती शिवायचा दाभण काढला. वाळवी लागलेलं लाकूड आतून भुसा होतं, दाभण लोण्यात जावा तसा जातो. ती गुडघ्यावर बसून एकेक फळी टोचत गेली. नळाजवळच्या दोन फळ्यांत दाभण मुठीपर्यंत गेला. बाकीच्यांत टोकसुद्धा रुतेना, उलट दाभणच वाकला. तुळया तर वाजवल्या की खणखणत होत्या.

म्हणजे मिस्त्री चोर. एवढं नक्की झालं. पण पप्पांचं काय? त्यांना दाभण टोचता येत नाही असं थोडंच आहे? मिस्त्रीनं पप्पांना काहीतरी धाक घातलाय, असं तिला एकदा वाटलं. मग वाटलं, पप्पांनीच कुणाकडून उचल घेतली असेल आणि माच नुसतं निमित्त असेल. जेवताना ती त्यांच्या तोंडाकडं इतकी निरखून बघायला लागली, की त्यांनी विचारलं, भाजीत मीठ कमी हाय का.

मग तिनं मिस्त्रीचा माग काढला. त्यात काही अवघड नव्हतं. त्याच्या मोटारसायकलीला रंध्याची पिशवी लटकलेली असते आणि गावात तशी दुसरी गाडी नाही. शाळा सुटल्यावर तिघी मैत्रिणी सायकली हातात धरून, पेरू खात खात, वेशीपलीकडच्या नव्या प्लॉटिंगपर्यंत गेल्या. गाडी एका अर्धवट बांधलेल्या बंगल्यापुढं उभी होती. आत मिस्त्री दरवाजाच्या मोकळ्या जागेला टेप लावत होता. आणि त्याच्या बाजूला उभे होते उत्तरेश्वर तात्या. पप्पांचे सख्खे थोरले भाऊ.

रोहिणी हळूच म्हणाली, "घे. तुझं लातूर तुझ्या तात्याच्या दाराला लागणार."

प्रियदर्शनीची कानशिलं तापली. तात्या दर दिवाळीला येतात, तिच्या हातावर पाचशेची नोट ठेवतात, आणि मागून हे? तिनं सायकल आरोहीच्या हातात दिली. मिस्त्री टेप गुंडाळून निघून जाईपर्यंत ती विटांच्या ढिगाआड थांबली, आणि मग सरळ तात्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

तिनं सगळं एका दमात सांगितलं. दाभण, दोन फळ्या, लाख साठ हजार, लातूर. आमच्या फळ्या तुमच्या दाराला फुकट लावताय ना, असंही म्हणाली. तात्या आधी चिडले. मग विटांवर बसले आणि तिलाही बस म्हणाले.

"फुकट?" ते म्हणाले. "सुग्रीवला साठ हजार ठरलेत त्या लाकडाचे. ईस हजार देऊनबी झाले."

प्रियदर्शनी त्यांच्या शेजारी विटांवर टेकली.

तात्यांनी जे सांगितलं ते असं. दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा पंचांनी रान वाटलं, जागा वाटली, हंडे-कळशासुद्धा वाटल्या. राहिलं ते उतरवलेल्या जुन्या माळवदाचं लाकूड, म्हणजे मातीच्या छताखालच्या तुळया आणि फळ्या. पावसाळा तोंडावर होता, पंच म्हणाले, निम्मं निम्मं हाय, सवडीनं घ्या. लाकूड धाकट्याच्या परसात पडून राहिलं. सवड कुणाला झाली नाही. धाकट्यानं मग त्याचा माच केला. तात्या काही बोलले नाहीत. फक्त तेव्हापासून ते त्या माचावर बसले नाहीत.

हे खरं होतं. दिवाळीला तात्या परसात उभ्यानं चहा घ्यायचे, आणि मम्मी दर वेळी आतून खुर्ची आणायची. तात्यांचे गुडघे दुखतात म्हणून, असं प्रियदर्शनीला आजवर वाटत आलं होतं.

"मग मागून घ्यायचं ना," ती म्हणाली.

"थोरल्यानं धाकट्याला लाकूड मागायचं? गाव हसंल बे." तिला बे म्हटल्याचं लक्षात येऊन ते ओशाळले. "सुग्रीव म्हणला, एका गिऱ्हाइकाचं जुनं सागवान निघणार हाय. मी नाव इचारलं न्हाई."

"पण तुम्हाला माहीत होतं."

तात्या उठले आणि सिमेंटच्या गोण्या मोजायला लागले.

घरी येताना तिच्या डोक्यात सगळं जागच्या जागी बसत गेलं. सुग्रीवनं पप्पांच्या कानावर घातलं असणार, की तात्यांना दाराला जुनं सागवान पाहिजे. पप्पांनी लगेच माच मोडायला काढला. म्हणजे लाकूड भावाकडं जाईल आणि ते आपण दिलं असं म्हणायची वेळ येणार नाही. तात्याही ते विकत घेतल्यासारखं घेतील. दोघांनाही ठाऊक, दोघंही गप्प, आणि मधल्यामध्ये मिस्त्री या हातानं मजुरी घेतोय, त्या हातानं लाकडाचे पैसे. वाळवी लागली होती, पण ती माचाला नव्हे, मोटारसायकलवरून फिरत होती.

मैत्रिणींना तिनं वेशीतच वाटेला लावलं. पुढचं त्यांच्यासमोर बोलण्यासारखं नव्हतं.

पप्पा आणि मम्मी माचावरच बसले होते. मम्मी तूर निवडत होती. प्रियदर्शनी चप्पल न काढताच उभी राहिली आणि तात्यांकडं गेलते, एवढंच म्हणाली. मम्मीचे हात थांबले. पप्पांनी काय बोलला तो, असं विचारलं, पण त्यांचा आवाज रागाचा नव्हता. साठ हजारांचं ऐकल्यावर मात्र ते ताडकन उठले. सुग्रीवला त्यांनी एक ठेवणीतली शिवी दिली, आणि मग पुन्हा खाली बसले, जसं काही उठायचा हक्क आपल्याला नाही.

"तात्यांना द्यायचंच होतं तर सांगितलं का न्हाई?"

"कोणत्या तोंडानं सांगू?" पप्पा म्हणाले. "घे म्हणलं की, इतकी वर्षं दाबून ठिवलं हे कबूल केल्यासारखं होतंय. त्यानं मागितलं असतं तर त्याच दिवशी दिलं असतं."

"ते मागणार न्हाईत."

"माहीत हाय मला."

मम्मी तूर निवडायचं सोडून हळूच म्हणाली, की देऊन टाका म्हणून मी सतरांदा म्हणलं होतं. कुणी तिच्याकडं बघितलं नाही.

माईकपुढं उभं राहणं सोपं असतं, समोर पप्पा बसलेले नसतात. पण आता माघारी फिरायला जागा नव्हती, कारण जे करायचं ते ती आधीच करून आली होती.

"मी तात्यांना त्यांचं निम्मं लाकूड न्यायला सांगून आलेय," प्रियदर्शनी म्हणाली. "तुम्हाला न इचारता सांगितलं, त्याचं काय बोलायचं ते नंतर बोला. उद्या सकाळी ते ट्रॅक्टर घेऊन येणार हायत. निम्म्या तुळया, निम्म्या फळ्या त्यांच्या. त्या तुमी तुमच्या हातानं काढून द्यायच्या, मिस्त्री लागत न्हाई. राहिलेल्याचा माच निम्मा होईल, होऊ द्या. सडक्या दोन फळ्या चुलीला. नवीन लाकूड आणायचं न्हाई, एक रुपयाचंसुद्धा. आणि केजच्या कॉलेजचा फॉर्म मी भरणार न्हाई. जूनमध्ये मी लातूरला चाललेय."