सहा पावलांवरचा बाक

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक आहे. तुमच्या शाळेत असतात तसा लांबलचक नव्हे. दोन माणसं खेटून बसतील एवढाच, पण टेकायला पाठ असलेला. आधीच सांगून ठेवतो, मी स्वभावाने भित्रा आहे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तशी माझी गत आहे. घरात कोणी ‘जुनं सामान’ एवढं म्हटलं, तरी मला वाटतं, आता आपलं काही खरं नाही.

मला आजोबांनी घडवलं. तेव्हा ते आजोबा नव्हते, तरणेबांड सुतार होते. एका गिऱ्हाइकाने टाकून दिलेल्या दरवाजाच्या फळ्या त्यांनी रंधा मारून गुळगुळीत केल्या आणि एकही खिळा न वापरता, नुसत्या लाकडी खुंट्यांवर मला उभं केलं. मी वजनाला चांगलाच भारी झालो. कितीतरी वर्षं मी त्यांच्या कारखान्यात होतो. गिऱ्हाइकं माझ्यावर बसून घासाघीस करत आणि उठताना कोणी ना कोणी माझ्या पाठीवर थाप मारून विचारी, “हा देणार का?” आजोबा नाही म्हणत. पण त्यांचं उत्तर येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असे.

पुढे काचबिंदूने आजोबांची नजर गेली. कारखाना बंद झाला आणि मी त्यांच्या भाड्याच्या घरात आलो. पलंगापासून सहा पावलांवर, न्हाणीघराकडे जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी माझी जागा ठरली. आजोबा उठत, पावलं मोजत, माझ्या पाठीवर हात टेकून दम खात आणि मग डावा हात भिंतीवरून सरकवत न्हाणीघरापर्यंत जात. कोणाचा हात नाही, काठी नाही. याचा त्यांना मोठा अभिमान होता. घरात एक नियमच होता, काहीही होवो, बाक हलवायचा नाही. सात वर्षं मी तसूभर हललो नाही. एवढा निर्धास्त मी जन्मात कधी नव्हतो.

मग घर बदलायचं ठरलं आणि माझी झोप उडाली.

आजोबांची सून औषधांच्या गोदामात नोंदी ठेवायचं काम करते. यादी केल्याशिवाय ती मीठसुद्धा आणत नाही. तिने घरातल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी डकवली. माझी चिठ्ठी तिने नेमकी पाठीच्या मागच्या बाजूला लावली. आता पाठीमागचं मला कसं दिसणार? टेम्पो आला. पलंग गेला, कपाट गेलं, दोरीवरचे चिमटेसुद्धा गेले. आजोबांच्या मुलाने त्यांचा हात धरला आणि त्यांनाही नेलं. मी मात्र तिथेच. ‘टाकून द्या’ असं तर लिहिलं नसेल ना, या विचाराने माझ्या खुंट्या सैल व्हायची वेळ आली.

दुसऱ्या दिवशी सूनबाई एकटीच आली. फोनवर तिचा नवरा, म्हणजे आजोबांचा मुलगा, बोलत होता. “बाकावर ‘शेवटी’ लिहिलंय मी,” ती त्याला म्हणाली. “माळा पुसायला चढणार कशावर? साफसफाई झाली की आणते.” माझा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच.

तिने माझ्यावर चढून पंखे पुसले, माळा झाडला, ओट्यामागच्या तेलकट फरश्या घासल्या. या सगळ्यात माझी चिठ्ठी भिजून निघाली आणि गढूळ पाण्याबरोबर मोरीत गेली. मग ती बोळाच्या भिंतीकडे वळली. तिथे कंबरेच्या उंचीवर एक काळपट पट्टा होता. सात वर्षं आजोबांचा तळवा तिथून रोज फिरला होता. साबणाने तो जाईना, म्हणून तिने घासणी घेतली. पट्टा गेला नाही, भिंतीचा रंगच निघाला. करायला गेलं एक आणि झालं भलतंच. ती माझ्यावर बसली आणि तिने पदराने डोळे पुसले.

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. “बाबा पाणी नको म्हणतात? दगदग झाली असेल. थोड्या वेळाने द्या,” ती म्हणाली. “आणि बाबांना आत्ताच सांगून ठेवा, तिथे भिंतीला हात लावायचा नाही. नवा रंग आहे. मला हे पुन्हा निस्तरायला जमणार नाही.”

मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर मी तेव्हाच ओरडलो असतो. आजोबा म्हणजे उठल्याउठल्या तांब्याभर पाणी पिणारा माणूस. ते पाणी नको म्हणतात, याचा अर्थ काहीतरी बिनसलं होतं.

संध्याकाळी घरमालकीणबाई किल्ली घ्यायला आल्या. त्यांनी भिंत पाहिली. सूनबाई मान खाली घालून उभी राहिली. बाई म्हणाल्या, “राहू दे गं. माणूस राहिला म्हणजे भिंतीला कळणारच. रंगाचं मी बघते.” मग त्यांची नजर माझ्यावर गेली. “हा बाक इथेच ठेवतेस का? पुढच्या लोकांना माळ्यावर चढायला होईल.”

सूनबाई क्षणभर माझ्याकडे आणि मग त्या उखडलेल्या भिंतीकडे पाहत राहिली. “ठेवा की मावशी,” ती म्हणाली.

दाराला कुलूप लागलं. रिकाम्या घरात मी आणि फिनाइलचा वास. मला माझी काळजी होतीच, खोटं कशाला बोलू? पण त्याहून मोठी काळजी आजोबांची होती. नव्या घरात सहाव्या पावलावर त्यांच्या हाताला काय लागत असेल?

दुसऱ्या दिवशी दुपारी कुलूप उघडलं. घरमालकीणबाईंच्या मागे सूनबाई होती, केसही न विंचरता आलेली.

“मावशी, दिलेली वस्तू परत मागायची म्हणजे तोंड दाखवायला जागा नाही,” ती म्हणाली. “पण मला हा बाक हवाय. बाबांनी घर सोडल्यापासून पाण्याला तोंड लावलं नाही. यांनी आज सकाळी बाकाच्या जागी प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली. बाबांनी तिच्यावर हात टेकला, ती सरकली आणि ते पडले.”

“लागलं फार?”

“मनगट सुजलंय. पण डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी आटलंय, असंच चाललं तर भरती करावं लागेल. त्यांनी विचारलं तेव्हा कुठे बाबा बोलले. पाणी प्यायलो तर उठावं लागेल, आणि उठून जाऊ कसा? बाक नाही, आणि आता भिंतीलाही हात लावायचा नाही म्हणे.” तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. “ते मीच सांगायला लावलं होतं, मावशी.”

“मग बोलत काय बसलीस? धर त्या बाजूने,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतः माझी एक बाजू उचलली.

नव्या घरात पोचलो तेव्हा आजोबा पलंगाच्या काठावर बसले होते. त्यांचे ओठ कोरडे पडले होते. सूनबाई म्हणाली, बाक सहा पावलांवरच ठेवू. मुलगा म्हणाला, तिथे तर स्वयंपाकघराचं दार येतं. दोघं मला इकडून तिकडे सरकवत राहिले. शेवटी मुलगा थांबला. “बाबा, तुम्हीच सांगा. कुठे ठेवू?”

आजोबा उठले. सुजलेला हात छातीशी धरून त्यांनी चार पावलं टाकली, कानोसा घेतला, थोडे उजवीकडे वळले. “इथे,” ते म्हणाले.

मला तिथे ठेवलं. त्यांचा हात माझ्या पाठीवर आला आणि खुंट्यांवरून सावकाश फिरला.

“हा हवा होता, तर आधी का नाही सांगितलंत?” सूनबाईने विचारलं.

“तुम्ही दोघं एवढ्या घाईत होतात. तुझी यादी केवढी मोठी! त्यात एका बाकासाठी कुठे तोंड उघडायचं?”

सूनबाईने त्यांचा बरा हात धरून नव्या भिंतीवर टेकवला. “रंग काय, पुन्हा देता येतो,” ती म्हणाली. आजोबा भिंतीला धरून न्हाणीघरापर्यंत गेले आणि एकटेच परत आले. माझ्यावर टेकून बसले. “पाणी दे गं. पेला नको, तांब्या आण,” ते म्हणाले.

मित्रांनो, आता मी त्या जागेवर आहे आणि मला कोणी हलवत नाही. तरी भीती काही जात नाही; स्वभावाला औषध नाही. तुम्ही कधी घर बदललंत तर याद्या जरूर करा, चिठ्ठ्या लावा, जुनं घर लख्ख करून द्या. पण घरात जो सगळ्यात गप्प बसलेला असेल, त्याला एकदा जवळ बसून विचारा, तुला काय हवं? मला विचारून उपयोग नव्हता, मी लाकूड आहे. आजोबांना उत्तर देता येत होतं. त्यांना विचारायला मात्र आम्ही त्यांच्या पडण्याची वाट पाहिली.