एकाहत्तर प्रेक्षक

रविवारी दुपारी चारला लालबागच्या चाळीतल्या मंडळाच्या सभागृहात अंतिम सामना सुरू झाला आणि पाचच मिनिटांत श्रेयाने लॅपटॉप जवळ ओढला. त्याच्या कोपऱ्यात ऑनलाइन प्रेक्षकांचा आकडा होता एकाहत्तर.

मोबाइल गेमची ही आंतरचाळ स्पर्धा तिनेच हट्टाने उभी केली होती. कॅरमपलीकडे काही न मानणाऱ्या मंडळाने एकाच वर्षाची परवानगी दिली, तीही प्रायोजक मिळाला म्हणून. नाक्यावर मोबाइलचं दुकान असलेल्या हितेंद्रशेठची अट सरळ होती. "अंतिम सामना एका वेळी तीनशे जणांनी ऑनलाइन बघितला, तर पुढच्या वर्षीही मी. नाहीतर राम राम!" उपांत्य सामन्याला आकडा चारशेवर गेला होता. त्यामुळे श्रेया इतकी निर्धास्त झाली, की थाटमाट हवा म्हणून तिने खिडक्यांना चादरी लावून मोठा पडदा बांधला आणि चाळभर बोलावणं धाडलं.

आता सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती.

"गो श्रेया, ह्यो निळो आमचो मां?" शेवंतीकाकूंनी विचारलं. त्यांचा नातू उन्मेष खेळत होता.

"हो काकू. निळे आपले, लाल भायखळ्याचे."

"मगे तो झाडाआड लपान काय करता? घरात पण तसोच. काम सांगितला काय लपता!"

सगळे हसले. श्रेयाला हसू आलं नाही, कारण फोन वाजत होता.

"एकाहत्तर?" पलीकडून हितेंद्रशेठ म्हणाले. "अगं, एवढी माणसं तर लग्नात नुसत्या फोटोला उभी राहतात!"

ती काही बोलायच्या आत फोन बंद झाला.

पुढच्या सतरंजीवरच्या पोरांना खेळ समजावणाऱ्या अप्पांनी तिचा चेहरा बघितला. अप्पा शाळामास्तर होते, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती.

"काय झालं गं?"

"बघायला कुणी नाहीये, अप्पा."

अप्पांनी एकवार भरलेल्या सभागृहाकडे पाहिलं. "बरं. हा आकडा कशाचा, ते मला नीट सांग."

"सामना किती फोनांवर चालू आहे, त्याचा."

"आणि आपला हा पडदा?"

"तो एक..." म्हणता म्हणता श्रेया थांबली. उपांत्य सामना जो तो आपापल्या खोलीत बसून बघत होता. एका घरात चार फोन, म्हणजे चार प्रेक्षक. आज तिने बोलावलं आणि सगळी चाळ खाली उतरली. काही बघण्यासारखं असलं की एकत्र बसून बघायचं, ही इथली जुनी खोड. अख्खी चाळ त्या आकड्यात एक होऊन बसली होती.

"सगळ्यांना आपापल्या फोनवर सामना लावायला सांगू का?"

"सांग की. पण माणसं बघणार पडदा आणि फोन चालणार खिशात. तो आकडा खरा म्हणशील?"

मग श्रेयानेच हितेंद्रशेठना फोन लावला. "शेठ, पाच मिनिटं इकडे येऊन जा."

"आणि गल्ल्यावर कोण बसणार?"

"दुकानात गिऱ्हाईक आहे का कुणी?"

पलीकडून शटर खाली ओढल्याचा आवाज आला.

हितेंद्रशेठ आले आणि दारातच अडकले. आत गणपतीची तसबीर, म्हणून पायताण बाहेर. चपलांचा पसारा दारापासून बोळातून थेट जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर गेला होता. एक बूट हातात धरून ते जागा शोधत होते, तेवढ्यात निळ्यांनी लालांचा बुरूज पाडला आणि सभागृह असं गरजलं की ते एक पाऊल मागेच सरले.

"ही सगळी आपल्याकडची?"

"पन्नासेक भायखळ्याची. बाकी आपलीच. पण आकड्यात आम्ही एकच!"

शेठनी मान खाजवली. "मला एकाने सांगितलं होतं, ऑनलाइन आकडा तेवढा बघा. पण नागपूरचा माणूस काय माझ्याकडे स्क्रीनगार्ड लावायला येणार आहे होय?" मग एकदम चिडून, "माझं नाव कुठाय?"

श्रेयाने पडद्याचा खालचा कोपरा दाखवला. अक्षरं बारीक होती आणि त्यांवर एका पोराच्या डोक्याची सावली पडली होती.

"हे चालायचं नाही. पुढच्या वर्षी ह्या भिंतीवर पाहिजे, मोठं. आणि पंखे वाढवा, माणसं उकडतायत."

"पुढच्या वर्षी?"

"मग काय, पुढच्या जन्मी?"

श्रेयाचा जीव भांड्यात पडला. सकाळपासून ती बसली नव्हती. पोरांच्या मधोमध सतरंजीवर तिने बैठक मारली आणि पाय लांब सोडले. शेजारच्या चिमुरडीने तिला कोपराने ढोसलं.

"ताई, कोण जिंकतंय?"

"थांब गं," श्रेया म्हणाली, "मी आत्ताच बघायला लागलेय."