वजनकाट्यापर्यंतची वायर

सोमवार, ८ डिसेंबर १९९७. सकाळी आठ वाजता अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात तुळशी आगिवले हिला गेटवरच अडवण्यात आलं.

"साहेबांची ऑर्डर हाय," वॉचमन भीमराव म्हणाला. बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता, गेटच्या कडीकडे बघत होता.

तुळशी वजनकाट्यावरची ऑपरेटर. ट्रकचं वजन कॉम्प्युटरवर चढवायचं आणि गेटपास छापून द्यायचा, हे तिचं काम. वांगणीच्या पलीकडे डोंगरातल्या ठाकरवाडीत तिचं घर. बारावी झाली, बदलापुरात कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि खुर्चीवर बसून पगार आणणारी वाडीतली ती पहिली ठरली. आता तिच्यावर ठपका असा, की तिला मशीन चालवता येत नाही, म्हणून ट्रक रस्त्यावर तासन्‌तास खोळंबतात.

मालिनीला हे कळलं तेव्हा ती सर्व्हर सुरू करत होती. ती कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागाची प्रमुख. विभाग म्हणजे ती आणि सर्व्हर. खोलीतला एसी सर्व्हरसाठी आहे, तिच्यासाठी नाही, हे तिला रुजू झाल्या दिवशीच सांगण्यात आलं होतं. ती हातातलं काम टाकून गेटवर गेली.

तुळशी भिंतीला पाठ लावून उभी होती. डब्याची पिशवी पोटाशी धरलेली.

"ताई, मी तर नीट बटन दाबतंय. तो मशीनचा डबाच बोलत नाय, त्याला मी काय करू? ड्रायव्हर लोक आयमायवरून शिव्या देतात. त्या पण ऐकल्या."

"तू कुठे जाऊ नकोस. मी साहेबांशी बोलते."

"घरी जाऊन सांगू तरी काय? बापानं सगळ्या वाडीला गूळ वाटलाय."

फॅक्टरी मॅनेजर टिपणीस साहेबांनी मालिनीला बसायला सांगितलं नाही.

"मालिनीबाई, नेटवर्क ठीक आहे ना तुमचं?"

"नाही, सर. दसऱ्यापासून सांगतेय."

"अकाउंट्समध्ये चालतं, स्टोअर्समध्ये चालतं. नेमकं काट्यावरच कसं अडतं?"

"सगळीकडेच अडतं, सर. अकाउंट्समध्ये अडलं की माणूस चहाला जातो. काट्यावर अडलं की ट्रकवाला हॉर्न वाजवतो. म्हणून ते तुम्हाला ऐकू येतं."

साहेब हसले. "अहो, तिला घेतलं तेव्हाच मी म्हटलं होतं. ही माणसं कोयता चालवतील, कीबोर्ड नाही. नेटवर्क व्यवस्थित आहे, असा दोन ओळींचा रिपोर्ट द्या. चारला मुंबईच्या ऑफिसला फॅक्स करायचाय. मग तिचा निकाल लावून टाकू."

मालिनीची कानशिलं तापली. तिचे वडील बबनराव आयुष्यभर एका कारखान्यात खपले होते. ते म्हणायचे, मशीन बिघडलं की साहेब लोक आधी मशीन बघत नाहीत, त्याच्यासमोर कोण उभं होतं ते विचारतात. आणि मग आडनाव विचारतात. लहानपणी तिला वाटायचं, वडील जुन्या काळातलं बोलतायत.

कारखान्यातली सगळी मशीनं एकाच काळ्या वायरवर होती, दोऱ्यात मणी ओवावेत तशी. त्या वायरवर एका वेळी एकानेच बोलायचं. दोघं एकदम बोलली की दोघांचंही वाया जायचं, मग पुन्हा बोलायचं. असं किती वाया गेलं, त्याचा आकडा सर्व्हरच्या पडद्यावर दिसे. दसऱ्याआधी तो दिवसभरात जेमतेम हलायचा. दसऱ्यानंतर तो रिक्षाच्या बिघडलेल्या मीटरसारखा पळत सुटला होता. मालिनीने जोड बदलून पाहिले, मशीनांमधली नेटवर्कची कार्डं बदलून पाहिली. काट्याकडे गेलेली नवी वायर मात्र तिला तपासता आली नव्हती. त्यासाठी मशीनं चालू असताना नेटवर्क बंद करावं लागणार होतं, आणि टिपणीस साहेबांनी दोनदा परवानगी नाकारली होती. ती जोडणी दसऱ्याच्या मुहूर्तावर झालेली होती, दस्तुरखुद्द डायरेक्टर साहेबांच्या हस्ते. तिला हात लावायचा नाही.

आज तिने परवानगी मागितलीच नाही.

जेवणाच्या सुट्टीत तिने स्टोअर्समधल्या शेवटच्या मशीनपाशी काट्याकडे जाणारी वायर सोडवली आणि त्या टोकाला बंद करणारी टोपी बसवली. सर्व्हरवर येऊन पाहिलं, तर आकडा थांबलेला. पलीकडून, सुट्टीतही कामाला बसलेल्या अकाउंट्समधल्या कुणाचा तरी आवाज आला, "अरे, आज मशीनला तूप पाजलंय का काय? पळतंय साला!" तिने वायर पुन्हा जोडली. आकडा पुन्हा पळू लागला.

मग ती वजनकाट्याच्या शेडमध्ये गेली. भिंतीवरच्या वायरीच्या पट्टीचं झाकण काढलं. आतली वायर ऑफिसातल्यासारखीच काळी, तेवढीच जाड. पण ऑफिसातल्या वायरीवर जागोजागी पन्नास हा आकडा छापलेला असे, हिच्यावर पंच्याहत्तर होता. ही कॉम्प्युटरची वायरच नव्हती. घरोघरी टीव्हीला केबलवाले लावतात, ती होती. एका जातीच्या वायरला दुसरी जोडली की सांध्यावर सिग्नल आपटून माघारी फिरतो आणि दुसऱ्यांच्या बोलण्यात घुसतो. एखादंच मशीन चालू असेल तर निभावून जातं. सगळी चालू झाली की बोंब.

परचेसमधला चंदू डबा धूत होता. पट्टीत पडून राहिलेला वायरीचा उरलेला तुकडा तिने त्याच्यापुढे धरला. त्याने नळ बंद केला.

"कुठून आणलीस?"

"उल्हासनगरातनं. ताई, माझ्यावर नको हां घालू. दसऱ्याच्या आदल्या दिवशी वायर कमी पडली. मुंबईचा वायरवाला म्हणाला, दोन दिवस थांबा. टिपणीस साहेब म्हणाले, डायरेक्टर उद्या नारळ फोडायला येतायत, कुठूनही आण. मी स्कूटरला किक मारली. दुकानदार सिंधी, पण सरळ माणूस. म्हणाला, 'साईं, ये टीवी का है. कंप्यूटर का मेरे को नहीं मालूम, बाद में गाली मत देना.'"

"हे साहेबांना सांगितलंस?"

"तेव्हाच सांगितलं. म्हणाले, वायर ती वायर. मुहूर्त टळता कामा नये."

मालिनीला दसऱ्याचा दिवस आठवला. सुट्टी होती, काट्यावरचं एकच मशीन चालू होतं. झेंडूचं तोरण, मॉनिटरवर कुंकू. पहिला गेटपास सर्रकन छापून निघाला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि पेढ्यांचं ताट फिरवायला तुळशीलाच सांगितलं होतं.

"म्हणजे साहेबांना पहिल्यापासून माहीत होतं. हे लिहून देशील?"

"ताई, दोन पोरं आहेत मला."

"ती गेटबाहेर उभी आहे, चंदू."

चंदूने पुन्हा नळ सोडला.

चारच्या आधी मालिनीने रिपोर्ट नेऊन दिला. नेटवर्क सदोष आहे, दोष काट्याकडे जाणाऱ्या टीव्हीच्या वायरीत आहे, ऑपरेटरचा संबंध नाही. सोबत वायरीचा तुकडा.

टिपणीस साहेबांनी तो वाचून टेबलावर पालथा ठेवला. "डायरेक्टरांनी नारळ फोडलेल्या कामात तुम्ही खोट काढताय?"

"नारळात नाही काढत, सर. वायरीत काढतेय. आणि ती वायर टीव्हीची आहे हे तुम्हाला ती आणली त्याच दिवशी सांगितलं होतं."

"कोण म्हणतं?"

चंदूचं नाव तिने घेतलं नाही.

"कोणीच म्हणत नाही ना? मग झालं. मी सांगितलेल्या दोन ओळी लिहून द्या."

"नाही लिहिणार. दोन महिने त्या पोरीने शिव्या खाल्ल्या. वायर बदलायला एक दुपार पुरली असती, सर. एक दुपार! ती तुम्ही दिली नाहीत, आणि आता तिची नोकरी घेताय?"

"आवाज खाली."

"आवाज वर नेल्याशिवाय इथे काही ऐकूच येत नाही. ट्रकवाल्यांचंच बघा ना."

साहेबांनी त्या दोन ओळी स्वतः लिहिल्या, खाली स्वतःची सही केली आणि फॅक्स पाठवला. मालिनीने संध्याकाळी अंबरनाथ पश्चिमेला फॅक्सच्या दुकानात जाऊन आपला रिपोर्ट मुंबईच्या त्याच नंबरवर पाठवला.

मंगळवारी तिला मेमो मिळाला. विनापरवाना नेटवर्क बंद केल्याबद्दल खुलासा करावा. बुधवारी काट्यावर नवा ऑपरेटर आला, बी.कॉम. झालेला, टिपणीस साहेबांच्या ओळखीतला. ट्रकची रांग पहिल्यासारखीच वळणापर्यंत गेली. त्याला कुणी काही म्हणालं नाही. वीज कमीजास्त होत असणार, असं ठरलं आणि चंदूला त्याच्यासाठी नवा स्टॅबिलायझर आणायला पिटाळण्यात आलं.

तुळशी रोज आठला येते. भीमराव तिला आत सोडत नाही, पण आपलं स्टूल बाहेर आणून ठेवतो.

शुक्रवारी दुपारपर्यंत मुंबईहून दोन्ही फॅक्सना उत्तर आलेलं नव्हतं. वायर जागेवरच होती. शेडच्या दारावर दसऱ्याचं तोरण वाळून लटकत होतं. सर्व्हरवरचा आकडा पळत होता, आणि तुळशी गेटबाहेर होती.