रिंगांची पुडी

अलिबागसमोरच्या समुद्रातून पुतण्याचा, सुनीलचा फोन आला, आणि पोलादपुरात ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या गोमाजीनं शिलाई मशीन थांबवलं.

"काका, वादळात जुनं शीड फाटलं. आता तू शिवलेलं चढवतो. मधल्या रिंगांत दोरी ओवून अर्धं गुंडाळलं, की बोट उलटायची नाय."

सुनीलनं माप नीट पाठवलं होतं: उंची चाळीस फूट, तळ चौदा, मधोमध पितळी रिंगांची आडवी ओळ. पण भर कापडात भोकं? कुठला शहाणा पाडतो? पाणी गळेल की! म्हणून गोमाजीनं रिंगा गाळून शीड पक्कं शिवलं होतं.

"सुनील, चढवू नको रे!" तो किंचाळला.

फोन केव्हाच बंद पडला होता. मशीनच्या खणात रिंगांची पुडी तशीच होती, दोरासुद्धा न सोडलेली.