सरकारी नाक

आमच्या ह्यांचं नाक नुसतं शोभेला होतं. पीनसानं बारा वर्षं चोंदलेलं, आणि नोकरी कुठे, तर देवासला औषधं तपासण्याच्या प्रयोगशाळेत! औषधात ओलावा किती, जाळल्यावर राख किती उरते, हे चोख मोजायचे. पण कागदावर ‘वास’ हा रकाना आला की पुडी खिशात घालून घरी. मी कणीक मळता मळता हुंगायची, सांगायची, हे लिहायचे. पगार मात्र एकाचाच.

चोपन्न साली शेजारच्या सुमंगलाचं चूर्ण तपासणीला आलं. तिचं माहेर तंजावरचं. वडील, अप्पा, तिकडची सिद्ध वैद्यकी करायचे. पीनसावरचं हे चूर्ण त्यांचंच. ते गेल्यावर ती एकटी कुटत बसायची. पास झालं तर सरकारी दवाखाना ते अप्पांच्या नावानं ठेवणार होता. तिचा सगळा जीव त्यात अडकला होता.

“ह्या वेळी मी हुंगणार नाही,” मी ह्यांना बजावलं. “माझं नाक मैत्रिणीचीच बाजू घेईल.”

हे हवालदिल. शेवटी सुमंगलापुढे खरं कबूल करावं लागलं. ती हसली नाही, मीच हसले. तिनं घरच्या बरणीतलं चूर्ण आणून दिलं. “भावजी, पंधरा दिवस मधातून घ्या. मग तुम्हीच हुंगा.”

तेराव्या दिवशी जेवताना हे थबकले. “आमटी करपली का गं?”

“बारा वर्षं करपतेय,” मी म्हटलं, आणि माझेच डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी ऐटीत कामावर गेले, ते संध्याकाळी तोंड पाडून परतले. “नमुन्याला घासलेटचा वास येऊन राहिलाय, कमल.”

सरकारी काम म्हणून सुमंगलानं नमुन्याला घासलेटचा जुना पत्र्याचा डबा घासून चकचकीत केला होता. पण बंद डब्यात मूळचा वास पुन्हा चूर्णात उतरला.

“मग लिहिलंत काय?”

“नापास.”

मी भडकले. “जिनं नाक दिलं, तिचंच कापलंत?”

दारात सुमंगला उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती उंबऱ्यावरच बसून रडली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, “भावजी, घासलेटचा वास खरंच आला तुम्हाला?”

“आला.”

“म्हणजे अप्पांचं औषध लागू पडलं.” ती उठली. “उद्या बरणीतून नवा नमुना देते. पण हुंगायचं तुम्हीच.”